भूजलशास्त्रज्ञ व्हायचंय? सुरुवात विहिरीच्या काठावरून करा

भूजलाच्या कामातली पहिली अडचण अशी, की ज्याचा अभ्यास करायचा ते दिसतच नाही. खगोलशास्त्रज्ञाला निदान तारा दिसतो. आपल्या वाट्याला येतात जमिनीला पाडलेली काही भोकं. शंभर-दोनशे चौरस किलोमीटरच्या जलधराबद्दल, म्हणजे पाणी साठवणाऱ्या आणि वाहू देणाऱ्या खडक-मातीच्या थराबद्दल, आपण ठामपणे बोलतो, तेव्हा हाताशी बहुतेक वेळा वीस-पंचवीस विहिरींचे आकडेच असतात. त्यातला एक आकडा चुकला, तरी नकाशावर पाणी उलट्या दिशेने वाहू लागतं.

नवीन मुलं बहुधा दुसऱ्या टोकाने सुरुवात करतात. आधी सॉफ्टवेअर, मग उपग्रहांची चित्रं आणि सगळ्यात शेवटी जमलंच तर विहीर. मी इथे क्रम उलटा लावला आहे. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत; काही दोन वाक्यांत संपतात, काहींवर बराच वेळ बसावं लागतं.

पायरी १ : पाण्याची पातळी मोजा

काम सोपं वाटतं, आणि म्हणूनच ते वाईट केलं जातं.

पोलादी फीत घ्या. तिच्या खालच्या मीटरभर भागाला खडू फासा. फीत विहिरीत सोडा आणि एखादा पूर्ण आकडा, समजा १५.०० मीटर, काठावरच्या खुणेशी धरा. वर ओढा. खडू जिथपर्यंत भिजून गडद झाला आहे ती रेघ वाचा. ती ०.६२ मीटरवर असेल तर खुणेपासून पाणी १४.३८ मीटर खोल. पुन्हा सोडा, पुन्हा वाचा. दोन वाचनांत सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. पाण्याला टेकताच वाजणारी विजेवरची फीत जास्त सोयीची असते, पण केसिंगच्या (विहिरीत बसवलेल्या पाइपच्या) आतल्या भिंतीवर ओल असेल तर ती पाण्याच्या बरीच वर असतानाही वाजते. बझरवर लगेच विश्वास ठेवू नका. फीत थोडी वर-खाली करून आवाज नेमका कुठे सुरू होतो ते पाहा.

आता त्या ‘खुणे’बद्दल. माझ्या पहिल्या हंगामात मी सहा विहिरी मोजल्या आणि पातळीचा नकाशा काढला. पाच विहिरी एका उतारावर नीट बसल्या, सहावी भलतीकडेच. मी दोन दिवस विचार करून त्या विहिरीखाली चिकणमातीचा थर असावा असा सिद्धांत तयार केला, त्याचा छेदही (जमीन उभी कापली तर दिसेल तसं चित्र) रंगवला. माझ्या मार्गदर्शकांनी तो छेद पाहिला आणि एवढंच विचारलं, “कुठून मोजलंस?” पाच विहिरी मी ओट्यापासून मोजल्या होत्या, सहावी केसिंगच्या तोंडापासून. केसिंग ओट्याच्या ४३ सेंटिमीटर वर होतं. ४३ सेंटिमीटर वजा केले आणि चिकणमाती गायब झाली.

म्हणून पहिल्या भेटीतच काठावर रंगाने खूण करा. ती जमिनीपासून किती उंच आहे ते लिहा, फोटो काढा. वहीत तारीख, वेळ, खूण, दोन्ही वाचनं आणि पंप केव्हा बंद केला ते नोंदवा. पंप नुकताच बंद झाला असेल तर पातळी अजून वर येत असते. तो आकडा जलधराचा नसतो, पंपाचा असतो.

विहिरींची एकमेकींशी तुलना करायची तर खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. इथे मोबाइल वापरू नका. मोबाइलमधली उंची काही मीटरने सहज चुकते आणि शेजारच्या दोन विहिरींतल्या पाण्याचा फरक कधी कधी अर्धा मीटरही नसतो. लेव्हलिंग करा, म्हणजे दुर्बिणीने उंचीतला फरक मोजा, किंवा चांगलं डिफरन्शियल जीपीएस (सेंटिमीटरपर्यंत अचूक) मिळवा.

आपोआप नोंद घेणारे डेटा लॉगर आता सर्रास मिळतात. त्यातले बरेचसे पाण्याचा आणि हवेचा दाब एकत्रच मोजतात. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला तर नोंदीत साधारण १ सेंटिमीटर पाण्याएवढा फरक पडतो. हवेचा दाब मोजणारा वेगळा लॉगर जवळपास ठेवायला विसरलात, तर वादळ येऊन गेल्याची नोंद ‘पुनर्भरण’ (पाणी मुरून जलधर भरणं) म्हणून वाचाल. लॉगर लावलात तरी दर भेटीत फीत सोडाच. लॉगर सरकतो, घड्याळ मागे-पुढे होतं, आणि हे त्याचं त्याला कळत नाही.

चांगली नोंद हातात आली की विहीर बोलू लागते. बंदिस्त जलधरातली (वर-खाली पाणी न जाऊ देणारे थर असलेल्या जलधरातली) विहीर चंद्राच्या भरती-ओहोटीबरोबर सेंटिमीटरभर हलते, जवळून रेल्वेगाडी गेली की क्षणभर चढते. १९६४ च्या अलास्का भूकंपाने हजारो किलोमीटर लांबच्या विहिरींतलं पाणी हललं होतं. मला अजूनही या गोष्टीचं नवल वाटतं.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका: जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत उतरू नका. खाली प्राणवायू कमी असू शकतो आणि त्याची आधी काहीच चाहूल लागत नाही. फीत खाली जाऊ दे, तुम्ही वर थांबा.

पायरी २ : खडक ओळखा आणि बोअर मारणाऱ्याशी बोला

वाळूच्या थरात पाणी कणांमधल्या पोकळ्यांत असतं आणि सरासरीला काही अर्थ असतो. कठीण खडकात ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या पट्ट्यात असतं. तिथे वीस मीटर अंतरावरच्या दोन बोअरपैकी एक भरभरून वाहतो आणि दुसऱ्यातून नुसती धूळ येते. चुनखडीत तर पाणी खडक विरघळवून स्वतःचे बोगदे करतं. तुम्ही यातल्या कुठल्या जगात उभे आहात हे आधी ठरवा, कारण पुढची बहुतेक सूत्रं वाळूच्या जगासाठी लिहिलेली आहेत.

बोअर मारताना तिथे दिवसभर उभं राहा. बाहेर येणाऱ्या चुऱ्याचा रंग दर मीटरला बदलतो का, हातोडा कुठे एकदम दबला, कुठे धूळ थांबून चिखल यायला लागला, पाणी किती खोलीवर वाढलं. हे सगळं यंत्र चालवणाऱ्याच्या तोंडी असतं, कागदावर क्वचितच उतरतं. त्याची भाषा तुमच्या पाठ्यपुस्तकाची नसेल. तो ज्याला ‘काळा कठीण’ म्हणतो ते नेमकं काय हे चुरा हातात घेऊन त्यालाच विचारा आणि त्याचे शब्द तसेच्या तसे लिहून घ्या. विहीरमालकालाही विचारा: तळ कधी उघडा पडला होता, आधी कोणत्या बाजूने झिरपतं. वीस वर्षांची जी नोंद कुठल्याच कार्यालयात नसते, ती त्याच्याकडे असते.

पायरी ३ : हातानं एक गणित करा

आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजों शहराचा पाणीपुरवठा उभारला आणि १८५६ मध्ये त्यावर जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला. वाळू भरलेल्या नळीतून पाणी किती जातं याचे प्रयोग त्याच्या परिशिष्टात होते. आज आपण करतो ते जवळजवळ सगळं त्या परिशिष्टावर उभं आहे.

नियम साधा आहे: प्रवाह म्हणजे वाहकता (थर पाणी किती सहज जाऊ देतो ते) गुणिले उतार. समजा, वाळूची वाहकता दिवसाला १० मीटर आहे आणि पाण्याच्या पातळीचा उतार हजार मीटरला २ मीटर, म्हणजे ०.००२. गुणाकार आला दिवसाला ०.०२ मीटर. पण पाणी सगळ्या जागेतून वाहत नाही, फक्त पोकळ्यांतून वाहतं. पोकळ्या २० टक्के धरल्या तर प्रत्यक्ष वेग ०.०२ भागिले ०.२, म्हणजे दिवसाला १० सेंटिमीटर. वर्षाला साधारण ३६ मीटर.

हा ३६ मीटरचा आकडा डोक्यात पक्का बसवा. जमिनीखाली नद्या धावतात असं लोक तुम्हाला सांगतील. चुनखडीचे बोगदे आणि लाव्हाच्या नळ्या सोडल्या तर तसं काही नसतं. एखाद्या टाकीतून गळलेलं रसायन शेजारच्या विहिरीत पोचायला दहा वर्षं लागू शकतात, आणि गळती बंद केल्यानंतरही ते दहा वर्षं येत राहू शकतं, तेही याच गणितामुळे.

पदवी भूशास्त्राची असो, स्थापत्य अभियांत्रिकीची असो की पर्यावरणशास्त्राची, या क्षेत्रात तिन्हीकडून येता येतं. भूशास्त्राच्या मुलांनी कलनशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्कं करावं. अभियंत्यांनी दगड हातात घ्यावेत. रसायनशास्त्र सगळ्यांनीच वाढवावं, कारण ते सगळ्यांचंच कच्चं असतं.

पायरी ४ : एक उपसा चाचणी पहिल्यापासून शेवटपर्यंत करा

एका विहिरीतून ठरावीक दराने पाणी उपसायचं आणि शेजारच्या निरीक्षण विहिरीत पातळी कशी खाली जाते ते पाहायचं. सुरुवातीला दर मिनिटाला, मग दर पाच मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासाने आणि रात्री दर तासाने नोंद. झोप येते. थर्मास आणि जोडीदार हवाच.

चाचणीचं गणित १९३५ मध्ये चार्ल्स थाइस यांनी मांडलं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की विहिरीकडे येणारं पाणी हे धातूच्या पत्र्यातून वाहणाऱ्या उष्णतेसारखं आहे. उष्णतेचं समीकरण त्यांना स्वतःला सोडवता येईना. क्लॅरेन्स लुबिन या गणितज्ञ मित्राने मदत केली. करिअरबद्दल सल्ला विचाराल तर मी याच गोष्टीकडे बोट दाखवतो. आपला प्रश्न शेजारच्या विभागात बहुधा आधीच सुटलेला असतो, आणि तिथे जाऊन विचारायला लाज वाटता कामा नये.

पुढे कूपर आणि जेकब यांनी १९४६ मध्ये सोपी पद्धत दिली. वेळ लॉग कागदावर मांडा; काही वेळानंतर बिंदू सरळ रेषेत येतात. वेळ दहापट होताना पातळी किती खाली गेली ते वाचा. समजा उपसा सेकंदाला १० लिटर, म्हणजे दिवसाला ८६४ घनमीटर, आणि घट ०.८ मीटर. ०.१८३ (हा सूत्रातला स्थिरांक) ला ८६४ ने गुणा, ०.८ ने भागा. उत्तर साधारण १९८ चौरस मीटर प्रतिदिन. ही त्या जलधराच्या पूर्ण जाडीची वहनक्षमता.

चुका बहुतेक वेळा गणितात होत नाहीत, त्या बांधावर होतात. उपसलेलं पाणी विहिरीशेजारीच सोडलं जातं, ते झिरपून परत येतं आणि तुम्हाला जलधर फार उदार वाटतो. मधेच वीज कमी-जास्त झाल्याने पंपाचा दर बदलतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून बादली आणि घड्याळ घेऊन दर तासाला दर मोजा. तिसरी चूक म्हणजे पंप बंद केला की सगळे सामान आवरायला लागतात. थांबा. पाणी परत वर येतानाच्या नोंदी बहुधा जास्त स्वच्छ असतात, कारण त्यांत पंपाची कुरबुर नसते. कठीण खडकात बिंदू सरळ रेषेत आलेच नाहीत तर रेघ ओढण्याचा हट्ट धरू नका. रेघ कुठे मोडते त्यावरून भेग कुठे कोरडी पडली ते कळू शकतं.

पायरी ५ : नमुना बाटलीत बदलतो हे लक्षात ठेवा

विहिरीत साचून राहिलेलं पाणी हे जलधरातलं पाणी नव्हे. आधी उपसा. तापमान, पीएच आणि विद्युतवाहकता स्थिर झाली की मगच बाटली भरा. पीएच आणि क्षारीयता तिथेच मोजा. संध्याकाळपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो. धातूंसाठीचा नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून त्यात शुद्ध नायट्रिक आम्ल घालतात, पीएच २ च्या खाली येईपर्यंत.

हे कशासाठी, ते एकदा डोळ्यांनी पाहा. लोह असलेल्या खोल विहिरीतून दोन बाटल्या भरा, एकीत आम्ल घाला, दुसरीत घालू नका. दोन्ही काचेसारख्या नितळ दिसतील. दुसऱ्या दिवशी बिनआम्लाच्या बाटलीच्या तळाशी तांबूस गाळ बसलेला असेल. हवा लागून लोह खाली बसलं आणि पाण्यात आर्सेनिक असेल तर त्यालाही सोबत घेऊन गेलं. प्रयोगशाळा वरचं पाणी तपासून ‘आर्सेनिक कमी’ असा शेरा देईल, आणि तो शेरा वाचून कुणीतरी ते पाणी पिईल.

बंगालच्या त्रिभुज प्रदेशात जंतूंपासून सुटका म्हणून लाखो नळविहिरी खोदल्या गेल्या. पाणी नितळ होतं, थंड होतं, जुलाब कमी झाले. त्यात आर्सेनिक आहे का हे बराच काळ कुणी तपासलं नव्हतं. गाळातल्या सेंद्रिय द्रव्यामुळे प्राणवायू संपतो, लोहाची ऑक्साइडं विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात उतरतं. हे कुणी ओतलेलं प्रदूषण नव्हतं, गाळातलंच होतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. तुमच्या यादीत कोणती तपासणी नाही, ही यादी म्हणूनच वेगळी लिहून ठेवा.

अहवाल आला की पहिलं काम आयनांच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या भारित कणांच्या, ताळेबंदाचं: धनभार आणि ऋणभार सारखे यायला हवेत. धनभार ६.२ मिलिइक्विव्हॅलंट आणि ऋणभार ५.८ असेल, तर फरक ०.४ भागिले बेरीज १२, म्हणजे ३.३ टक्के. पाच टक्क्यांच्या आत आहे, चालेल. पंधरा टक्के आला तर आलेख काढू नका, प्रयोगशाळेला फोन करा.

पायरी ६ : पाणी आलं कुठून, हे विचारा

‘वार्षिक पुनर्भरणाएवढा उपसा केला तर जलधर सुरक्षित’ हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकाल. ते चुकीचं आहे. थाइस यांनीच १९४० मध्ये लिहून ठेवलंय, की उपसलेलं पाणी तीनच ठिकाणांहून येऊ शकतं: साठा कमी होतो, पुनर्भरण वाढतं किंवा जलधरातून नद्या-झऱ्यांना जाणारं पाणी घटतं. पुनर्भरण उपशाआधीही कुठेतरी जातच होतं. ते सगळं आपण घेतलं, तर कुठला तरी झरा आटणार. मग प्रश्न हा उरतो की कुठला झरा गेलेला चालेल, आणि त्याचं उत्तर एकट्या शास्त्रज्ञाने द्यायचं नसतं.

कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात घेतलेला एक प्रसिद्ध फोटो जरूर पाहा. विजेच्या खांबाशेजारी एक माणूस उभा आहे आणि खांबावर १९२५, १९५५ आणि १९७७ साली जमीन कुठे होती त्याच्या पाट्या आहेत. सगळ्यात वरची पाटी साधारण ९ मीटर उंचीवर आहे. पाणी गेल्यावर चिकणमातीचे थर दबले, आणि दबलेली चिकणमाती पुन्हा फुगून पहिल्यासारखी होत नाही.

पायरी ७ : आता संगणक उघडा

मॉडफ्लो हे भूजलाच्या प्रवाहाचं गणिती मॉडेल करणारं अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर १९८० च्या दशकापासून वापरात आहे आणि फुकट मिळतं. पायथॉन ही संगणकभाषा शिका, म्हणजे ते चालवणं सोपं होईल. पण आधी कागदावर छेद काढा: पाणी कुठून येतं, कुठे जातं, कडा कुठे आहेत. तो छेद दुसऱ्या कुणाला पाच मिनिटांत समजावता आला नाही तर मॉडेल करू नका.

एकदा मॉडेलचे आकडे विहिरींच्या पातळीशी जुळले की आनंद होतो. जपून. वाहकता आणि पुनर्भरण दोन्ही दुप्पट करा. पातळ्या जवळपास तशाच जुळतील. फक्त पातळीवरून दोन्ही एकदम ठरवता येत नाहीत. निदान एखाद्या झऱ्याचा प्रवाह तरी मोजलेला हवा. उपग्रहांचंही तसंच आहे. २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीने पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून भूजलाची घट दाखवली, हे मोठंच काम. पण अशा उपग्रहांना शेकडो किलोमीटरपेक्षा लहान भागातलं तपशीलवार दिसत नाही. तुमच्या ओढ्याकाठच्या जलधराबद्दल ते गप्प असतात.

पायरी ८ : संशोधनाचा प्रश्न निवडा आणि वेळेचं गणित सांभाळा

‘अमुक खोऱ्यातील भूजलाचा अभ्यास’ हा प्रश्न नाही, ते फाइलीचं नाव आहे. ‘या झऱ्याचं पाणी वरच्या पठारावरचं आहे की शेजारच्या खोऱ्यातलं?’ हा प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर चुकीचं ठरू शकतं. थॉमस चेंबरलिन या भूशास्त्रज्ञाने १८९० मध्ये सल्ला दिला होता, की एकाच वेळी अनेक गृहीतकं मनात बाळगा, म्हणजे एकावरच जीव जडत नाही. माझ्या त्या चिकणमातीवर जडला होता तसा. प्रत्येक गृहीतकासाठी लिहा: हे खरं असेल तर कोणतं मोजमाप काय येईल? झऱ्याच्या प्रश्नात ऑक्सिजन आणि हायड्रोजनची समस्थानिकं पाऊस किती उंचीवर पडला ते सुचवतात, १२.३ वर्षं अर्धायुष्य असलेलं ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) पाणी काही दशकांतलं आहे की जुनं ते सांगतं. फार जुन्या पाण्यासाठी कार्बन-१४.

पीएचडीला साधारण चार वर्षं धरा आणि उलटे मोजत या. एक वर्ष लिहिण्यात जातं. किमान दोन पावसाळे मोजलेले हवेत, कारण एक पावसाळा हमखास विचित्र निघतो. म्हणजे विहिरी, परवानग्या आणि उपकरणं पहिल्या सहा महिन्यांत लागली पाहिजेत. अनेकांचं पहिलं वर्ष वाचनात जातं आणि पहिला पावसाळा हातचा निसटतो. तो परत येत नाही. मार्गदर्शक निवडताना त्यांचे किती शोधनिबंध आहेत हे पाहाच, पण त्यांच्या विद्यार्थ्यांना एकदा चहाला बोलावून विचारा: सर किंवा मॅडम विहिरीवर येतात का?

नोकरीबद्दल थोडक्यात. सरकारी भूजल खाती, विद्यापीठं, सल्लागार कंपन्या, खाणींतलं पाणी उपसणारे प्रकल्प, प्रदूषित जागांची सफाई आणि पाण्यावर काम करणाऱ्या संस्था, अशी दारं आहेत. सल्लागाराच्या कामात पैसा लवकर मिळतो, प्रश्न दुसऱ्याचा असतो. संशोधनात नेमकं उलट. कुठेही गेलात तरी हा विषय न समजणाऱ्या माणसासाठी दोन पानी अहवाल लिहिता आला पाहिजे, आणि त्यात ‘हे आम्हाला माहीत नाही’ हे वाक्य पहिल्या पानावर असलं पाहिजे.

पायरी ९ : विहीर पुढच्याच्या हाती द्या

काम संपलं की प्रत्येक विहिरीचं एक पान तयार करा. जागा, खुणेची उंची, खोली, केसिंग कुठपर्यंत, मालकाला काय कबूल केलंय, कुलपाची किल्ली कुणाकडे, लॉगर कोणत्या तारखेला बदलला. कच्चे आकडे वेगळे ठेवा, दुरुस्त केलेले वेगळे, आणि दुरुस्ती का केली ते शेजारी लिहा. मालकाला त्याच्या विहिरीचा आलेख छापून नेऊन द्या; बऱ्याच जणांना कुणी कधी दिलेला नसतो. निघताना ब्रश आणि रंगाचा डबा सोबत ठेवा. काठावरची खूण ऊन-पावसात दोन-तीन वर्षांत पुसट होते, ती त्याच जागी पुन्हा रंगवून या.